पास्टमधली तीन रकान्यांची खिडकी

भूशास्त्राच्या एम.एस्सी.च्या वर्गात दरवर्षी, कच्छहून जीवाश्म गोळा करून परत आलो की कुणीतरी हा प्रश्न विचारतंच. वही पुढे धरलेली असते, तिच्या कडांना अजून तिकडची पिवळी माती असते. "मॅडम, हा अमोनाइट शेवटचा २१.६ मीटरवर मिळाला. म्हणजे जाती २१.६ वर संपली, असं लिहू ना?"

नाही लिहायचं. (अमोनाइट म्हणजे वेटोळ्या कवचाचा, आता नामशेष झालेला समुद्री प्राणी; आणि मीटर म्हणजे खडकाच्या थरांच्या उघड्या छेदात खालून वर मोजलेली उंची.) का नाही, हे मला फळ्यावर अर्धा तास खडू झिजवून जेवढं पटवता येत नाही, तेवढं पास्ट या जीवाश्मांच्या आकडेमोडीसाठी फुकट मिळणाऱ्या सॉफ्टवेअरमधली एक छोटी खिडकी दोन मिनिटांत पटवते. हे परीक्षण त्या खिडकीचं आणि तिच्या खालच्याच ओळीत असलेल्या तिच्या बहिणीचं. पास्टमध्ये बाकी पुष्कळ काही आहे, त्यावर लिहिणारेही पुष्कळ आहेत. या दोन ओळींकडे मात्र आपल्याकडे फारसं कुणी वळत नाही, आणि मला तर त्याच सगळ्यात मोलाच्या वाटतात.

आधी ओळख. पास्ट लिहिलं ओस्लो विद्यापीठाच्या नॅचरल हिस्टरी म्युझियममधल्या ओयविंड हामर यांनी. हामर, हार्पर आणि रायन यांचा त्यावरचा लेख २००१ साली 'पॅलिऑन्टॉलॉजिया इलेक्ट्रॉनिका'त आला. मी चौथी आवृत्ती वापरते. झिप फाइल उतरवायची, उघडायची, आतल्या चिन्हावर दोनदा टिचकी मारायची, झालं. इन्स्टॉल करायला लागत नाही, त्यामुळे कॉम्प्युटर लॅबच्या सरांकडे पासवर्ड मागायला जावं लागत नाही, आणि एकदा उतरवलं की इंटरनेटही लागत नाही. आमच्या लॅबमधल्या जुन्यात जुन्या मशीनवर ते चालतं. भूजच्या धर्मशाळेत रात्री लॅपटॉपवरही चालतं. ज्या विषयात विद्यार्थ्याचे पैसे हातोडा, बूट आणि गाडीभाड्यातच संपतात, तिथे याचं मोल मी वेगळं सांगायला नको.

आता खिडकी. स्ट्रॅटिग्राफी मेनूत 'रेंज कॉन्फिडन्स इंटरव्हल्स' अशी ओळ आहे. ती निवडली की प्रोग्राम तीनच गोष्टी विचारतो: जाती किती पातळ्यांवर, म्हणजे छेदातल्या किती वेगवेगळ्या उंचींवर सापडली, सगळ्यात खाली कुठे सापडली, सगळ्यात वर कुठे. तक्त्यात काही भरायचीही गरज नाही. उत्तरादाखल तो ८०, ९५ आणि ९९ टक्क्यांचे पट्टे, म्हणजे जातीचं खरं टोक कुठपर्यंत असू शकतं याचे अंदाज, देतो: एकट्या खालच्या टोकाचे, एकट्या वरच्या टोकाचे, आणि दोन्ही टोकं मिळून पूर्ण पल्ल्याचे. शेवटच्या प्रकारात दोन्ही टोकं एकदम पकडायची असल्यामुळे प्रत्येक बाजूचा पट्टा थोडा लांब येतो. प्रबंधाच्या तक्त्यात या दोहोंची सरमिसळ झालेली मी पुन्हा पुन्हा पाहिली आहे. फक्त वरच्या टोकाबद्दल बोलायचं असेल तर वरच्या टोकाचाच आकडा घ्या.

यामागचं गणित डेव्हिड स्ट्रॉस आणि पीटर सॅडलर यांनी १९८९ मध्ये मांडलं आणि चार्ल्स मार्शल यांनी १९९० मध्ये 'पॅलिओबायॉलॉजी'त जीवाश्मवाल्यांच्या हाती दिलं. ते इतकं लहान आहे की मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर होतं. ९५ टक्के हवे असतील तर २० हा आकडा घ्या. जितक्या पातळ्यांवर जाती सापडली त्यातून एक वजा करा, आणि २० चं तितकावं मूळ काढा. त्यातून १ वजा केला की जे उरतं, तितक्या पटीने मिळालेला पल्ला वर वाढवायचा. ८० टक्क्यांसाठी २० च्या जागी ५, ९९ साठी १००.

वर्गात मी वाळत घालायची दोरी आणि चिमटे घेऊन जाते. डोळे मिटून दोरीवर बारा चिमटे लावायला सांगते. शेवटचा चिमटा दोरीच्या अगदी टोकाला कधीच बसत नाही. टोकाशी एक फट राहते, आणि ती साधारण मधल्या फटींसारखीच असते, कधी लहान, कधी मोठी. सगळी युक्ती एवढीच. मधल्या फटी आपल्याला दिसतात, टोकाची दिसत नाही, म्हणून दिसणाऱ्यांवरून न दिसणारीचा अंदाज बांधायचा. पातळ्या भरपूर असतील तर ९५ टक्क्यांचा पट्टा सरासरी फटीच्या सुमारे तिप्पट येतो. हे लक्षात ठेवलं तर प्रोग्रामचं उत्तर बघण्याआधीच मनात एक अंदाज तयार असतो.

आमचं उदाहरण घेते. कच्छमधल्या जुमारा डोमवर, म्हणजे घुमटासारख्या उचललेल्या थरांत, ढोसा ओलाइट या बारीक गोल कणांच्या खडकाच्या खाली शेलचा, म्हणजे चिखलाच्या पातळ थरांच्या खडकाचा, एक छेद आम्ही मोजला आहे. शेलमध्ये जिप्समच्या पातळ काचा उन्हात चमकत असतात, मधूनमधून कठीण पट्ट्या येतात, आणि गांडा बावळीची काटेरी झुडपं सगळीकडे. वहीत मी ज्याला अ-७ म्हणते तो अमोनाइट ३.२ मीटरपासून २१.६ मीटरपर्यंत, बारा पातळ्यांवर मिळाला. पल्ला १८.४ मीटर. खिडकीत १२, ३.२, २१.६ भरले की वरच्या टोकासाठी ८० टक्क्यांना २.९ मीटर, ९५ ला ५.८ आणि ९९ ला ९.६ मीटर येतात. म्हणजे ९५ टक्क्यांच्या हिशोबाने ही जाती २७.४ मीटरपर्यंत कुठेही संपलेली असू शकते. विद्यार्थ्याचा चेहरा इथे बदलतो. ज्या रेषेवर तो 'विलोपन' असा शब्द लिहायला निघाला होता, तिच्या वर जवळजवळ सहा मीटर खडक अजून उभा असतो.

आणि पातळ्या कमी असतील तर? पाच पातळ्यांना ९५ टक्क्यांचा पट्टा मिळालेल्या पल्ल्याहूनही मोठा होतो. तीन पातळ्यांना साडेतीन पट. फक्त दोन पातळ्यांवर सापडलेल्या जातीचा पट्टा पल्ल्याच्या एकोणीस पट. दोन जीवाश्मांवरून एखाद्या जातीच्या अंताची गोष्ट रचणाऱ्यांनी हा एक आकडा समोरच्या भिंतीवर चिकटवून ठेवावा.

माझी सर्वांत मोठी चूक याच खिडकीत झाली आणि ती इथे सांगणं मी माझं काम समजते. पीएच.डी.च्या दिवसांत मी पहिल्या रकान्यात १२ ऐवजी ४७ लिहिले होते. कारण अ-७ चे माझ्याकडे ४७ नमुने होते, पेटीत, चिठ्ठ्या लावून, एकेक धुऊन ठेवलेले. उत्तर आलं १.२ मीटर. इतका नेटका पट्टा बघून मला आनंद झाला आणि तो मी एका परिषदेत पोस्टरवर लावला. एक ज्येष्ठ बाई पोस्टरसमोर उभ्या राहिल्या, वाचलं आणि हळूच म्हणाल्या, "बाळ, हे पातळ्या मोजलेस की शंख मोजलेस?" एका थरातून चाळीस निघाले तरी ती पातळी एकच. सगळे एकाच लाटेने, एकाच चिखलात आलेले असू शकतात. प्रोग्रामला हे कळायला काही मार्ग नाही. तुम्ही जो आकडा द्याल तो तो घेतो आणि सहा मीटरच्या जागी सव्वा मीटर देतो, तितक्याच ठाम अक्षरांत. त्या बाईंचे मी आजही उपकार मानते.

दुसरी गोष्ट चिन्हांची. प्रोग्रामला वरच्या टोकाचा आकडा खालच्यापेक्षा मोठा लागतो. छेद खालून वर मोजला असेल तर प्रश्न नाही. पण बोअरहोलमध्ये खोली वरून खाली मोजतात, आणि वय दशलक्ष वर्षांत लिहिलं तर जुन्याचा आकडा मोठा असतो. अशा वेळी आकड्यांपुढे उणे चिन्ह द्यायचं. मॅन्युअलमध्ये हे स्पष्ट लिहिलं आहे. मॅन्युअलबद्दल एक चांगला शब्द इथेच लिहिते: प्रत्येक पद्धतीचं सूत्र, मूळ लेखाचा संदर्भ आणि गृहीतकं तिथे थोडक्यात दिलेली आहेत. जीवाश्मांच्या पातळ्या योगायोगाने विखुरलेल्या असतात हे या पद्धतीचं गृहीतक प्रत्यक्षात पुष्कळदा टिकत नाही, असंही तिथेच सांगितलं आहे. स्वतःच्या अवजाराची मर्यादा स्वतःच सांगणारे लोक मला विश्वासाचे वाटतात.

या गृहीतकापाशी जरा थांबते, कारण कच्छमध्ये ते पायाखालून सरकतं. आमच्या छेदात २६.१ मीटरवर ढोसा ओलाइट सुरू होतो. ज्यांनी तो पाहिला आहे त्यांना ठाऊक आहे: अमोनाइट, बेलेम्नाइट (माकूळसारख्या प्राण्यांचे गोळीच्या आकाराचे जीवाश्म), शिंपले यांची नुसती दाटी. हा संघनित थर आहे. गाळ फार हळू साचला, मधेमधे साचलाच नाही, आणि लांबलचक काळ थोड्याशा जाडीत दाबून बसला. खालच्या शेलमधला एक मीटर आणि इथला एक मीटर म्हणजे सारखा काळ नव्हे. अ-७ चा ९५ टक्क्यांचा पट्टा २७.४ पर्यंत जातो, म्हणजे तो या थरात सव्वा मीटर शिरतो. खिडकीला मीटर तेवढे कळतात, खडक कळत नाही. शिवाय ढोसा ओलाइटमध्ये अमोनाइट इतके सहज मिळतात की तिथे कसून शोधूनही अ-७ दिसला नाही, तर ते न दिसणं हाच मोठा पुरावा आहे. उलट खालच्या शेलमध्ये तो दोन मीटर दिसला नाही तर त्याचा फारसा अर्थ नाही, कारण शेलमध्ये कवचं टिकतात कमी आणि सापडतात त्याहून कमी. ही खिडकी दोन्ही रिकाम्या जागांना एकच भाव देते. मार्शल यांनी १९९७ मध्ये यावर वाट काढली: कोणत्या थरात जीवाश्म मिळण्याची शक्यता किती, याचा वेगळा हिशोब करून पट्टा त्याप्रमाणे ताणायचा किंवा आवळायचा. ती पद्धत माझ्या आवृत्तीच्या या मेनूत नाही. ती हाताने करावी लागते, आणि त्यासाठी वहीत 'इथे शोधलं, काही मिळालं नाही' अशा नोंदी लागतात. बहुतेक वह्यांत नेमक्या त्याच नसतात.

खालची ओळ, 'डिस्ट्रिब्युशन-फ्री', या अडचणीवर अर्धा इलाज आहे. ही मार्शल यांची १९९४ ची पद्धत. इथे फक्त टोकं देऊन भागत नाही, जाती सापडली त्या सगळ्या पातळ्या तक्त्याच्या एका स्तंभात भराव्या लागतात. पातळ्या योगायोगाने विखुरलेल्या असाव्यात अशी तिची अट नाही. फटींचा आकार छेदात वर जाताना पद्धतशीर वाढत किंवा घटत नसावा, एवढीच अट. ती ५०, ८० आणि ९५ टक्क्यांच्या पट्ट्यांच्या लांबीला खालची आणि वरची अशा दोन सीमा देते. जिथे आकडा काढणं शक्य नसतं तिथे तारका छापते.

अ-७ च्या अकरा फटी भरल्यावर माझ्या ८० आणि ९५ टक्क्यांच्या वरच्या सीमांच्या जागी तारका आल्या. पहिल्यांदा ते बघून मला वाटलं, काहीतरी चुकीचं भरलं. चुकलं काही नव्हतं. फटी कशा विखुरल्या आहेत याबद्दल काहीच गृहीत धरायचं नसेल, तर ९५ टक्क्यांची वरची सीमा ठरवायला कितीतरी डझन फटी लागतात. माझ्याकडे अकरा होत्या. आता मी विद्यार्थ्यांना सांगते, ती तारका खोडू नका, प्रबंधात तशीच छापा. तुमच्याकडे जेवढा माल आहे तेवढ्यात हे उत्तर निघत नाही, हे सांगणारं ते चिन्ह आहे, आणि परीक्षकाने त्यावर प्रश्न विचारला तर अभिमानाने उत्तर द्या.

एक प्रश्न मात्र दोन्ही खिडक्यांच्या बाहेरचा आहे, आणि कच्छमध्ये तो सगळ्यांत बोचतो: जाती म्हणजे काय? वागेन यांनी १८७० च्या दशकात कच्छच्या अमोनाइटांवर मोठा ग्रंथ लिहिला, स्पाथ यांनी १९२७ ते १९३३ मध्ये सगळं पुन्हा तपासलं आणि शेकड्यांनी जाती केल्या. पुढे लक्षात आलं की यातल्या कित्येक जोड्या एकाच जातीतले नर-मादी आहेत, एक मोठं कवच आणि एक लहान. आता बघा, बारा पातळ्यांच्या एका जातीच्या सहा-सहा पातळ्यांच्या दोन जाती केल्या, तर पल्ला तेवढाच राहिला तरी ९५ टक्क्यांचा पट्टा पल्ल्याच्या ३१ टक्क्यांवरून थेट ८२ टक्क्यांवर जातो. नाव देणाऱ्याच्या लेखणीच्या एका फटकाऱ्याने. म्हणून खिडकी उघडण्याआधी नमुन्यांची पेटी उघडा. कोण कुणाचा जोडीदार आहे हे आधी ठरवा.

हे सगळं कशासाठी, असं विचारणाऱ्याला मी सुमाइयाची गोष्ट सांगते. स्पेनच्या बास्क किनाऱ्यावरच्या त्या कड्यांमध्ये क्रिटेशसचा शेवट, म्हणजे डायनोसॉर संपले त्या काळाची सीमारेषा, उघडा पडला आहे. पीटर वॉर्ड यांनी १९८० च्या दशकात तिथे अमोनाइट शोधले तेव्हा शेवटचे नमुने सीमारेषेच्या सुमारे दहा मीटर खाली मिळाले, आणि अमोनाइट उल्का आदळण्याच्या आधीच हळूहळू संपले असावेत असं दिसू लागलं. पण फिल सिग्नॉर आणि जेरे लिप्स यांनी १९८२ मध्येच बजावलं होतं की सगळ्या जाती एकाच दिवशी मेल्या तरी त्यांचे शेवटचे जीवाश्म वेगवेगळ्या उंचीवर मिळतील, आणि झटक्यात झालेला विनाश हळूहळू झाल्यासारखा दिसेल. वॉर्ड पुन्हा शोधत राहिले. पलीकडे फ्रान्सच्या हद्दीत आंदाय आणि बिदार इथे सीमेच्या अगदी जवळ अमोनाइट मिळाले. १९९६ मध्ये मार्शल आणि वॉर्ड यांनी 'सायन्स'मध्ये हेच पट्टे काढून मांडलं की पुष्कळ अमोनाइट सीमेपर्यंत किंवा तिच्या जवळपर्यंत टिकले असणार, तर इनोसेरामिड शिंपले मात्र खरंच आधी ओसरले. त्याच कड्यात दोन वेगळे मृत्यू, आणि ते वेगळे करणारं हत्यार हेच, तीन रकान्यांचं. आपल्या महाराष्ट्राचा बहुतेक भाग ज्या बेसॉल्टखाली झाकला आहे तो त्याच सीमेच्या आगेमागे ओतला गेला. त्यामुळे पुण्यात बसून हा वाद आपला नाही असं म्हणणं मला जमत नाही.

९५ टक्के या शब्दाबद्दल एक सूचना. 'जाती २७.४ च्या आत संपली असण्याची शक्यता ९५ टक्के' असं वाक्य पट्कन लिहिलं जातं. पास्ट जे देतं त्याचा अर्थ वेगळा आहे: अशाच प्रकारे अनेक छेदांत पट्टे काढले, तर त्यांतले ९५ टक्के पट्टे खऱ्या टोकाला सामावून घेतील. थेट शक्यता बोलायची असेल तर बेझच्या वाटेने, म्हणजे संख्याशास्त्रातल्या वेगळ्या पद्धतीने, जावं लागतं. स्ट्रॉस आणि सॅडलर यांनी तीही दाखवली होती, आणि स्टीव्ह वांग व सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये तिची जास्त लवचीक आवृत्ती दिली, जी जीवाश्म मिळण्याची शक्यता वरखाली होत असली तरी चालते. ज्याला 'आर' ही संख्याशास्त्राची प्रोग्रामिंग भाषा येते त्याने पास्टवर थांबू नये, तिकडे जावं. पण ज्याला येत नाही त्याने 'आर' शिकेपर्यंत पट्टा न काढताच रेषा मारत राहू नये.

माझ्याकडून पास्टच्या पहिल्या खिडकीला पाचपैकी चार, दुसरीला साडेचार. दोन्ही वापरा, दोन्हींची उत्तरं शेजारी शेजारी छापा आणि पातळ्यांची संख्या त्यांच्या बाजूलाच लिहा, म्हणजे वाचणाऱ्याला तुमचं काम तपासता येईल.

आणि पट्टा मिळाल्यावर तो तक्त्यात टाकून मोकळे होऊ नका. आम्ही गेल्या जानेवारीत २१.६ ते २६.१ या साडेचार मीटरसाठी मुद्दाम परत गेलो. दोन दिवस चार मुलं आणि मी त्या शेलमध्ये अर्ध्या अर्ध्या मीटरला खणत होतो. गाडीवाले भाई दुपारी बाजरीचे रोटले आणि ताक घेऊन यायचे, खड्ड्यात वाकून बघायचे आणि विचारायचे, "बहेन, मिळालं का?" दुसऱ्या दिवशी साडेतीनला २३.१ मीटरवर एक अर्धा चेपलेला, पण कवचावरच्या शिवणी (आतल्या पडद्यांच्या नागमोडी रेषा) स्वच्छ दिसणारा अ-७ मिळाला. पहिल्या हिशोबातल्या ८० टक्क्यांच्या पट्ट्याच्या आतच. रात्री भूजला पोचल्यावर खिडकी उघडली, १३, ३.२, २३.१ भरले. ८० टक्क्यांचा पट्टा आता २६ मीटरपर्यंत येतो, ढोसा ओलाइटच्या तळापासून दहा-पंधरा सेंटिमीटर खाली. ९५ चा २८.७ पर्यंत. २३.१ ते २६.१ मधल्या प्रत्येक अर्ध्या मीटरपुढे वहीत 'शोधलं, नाही' असं लिहिलं आहे, कुणी शोधलं आणि किती वेळ, त्यासकट.